काळोखाचे काम

माझ्याकडे काळोख असतो.
फळांच्या मागचा.
जळका तपकिरी, त्यात किंचित निळा,
डाव्या कोपऱ्यात जरा उजळ, तिथे खिडकी असावी म्हणून.
दिवसाला अकरा कॅनव्हास होतात.
वाळले की गुइलान येते
आणि माझ्या काळोखात लिंबे सोलत बसते.

तिचा हात लिंबावर बसलाय.
सोळा वर्षे तेच लिंबू, अर्धे सोललेले,
साल मेजाच्या कडेवरून लोंबतेय,
पडत मात्र नाही.
दाफेनच्या याच गल्लीत एकजण नुसते काचेचे पेले करतो,
आणि तिसऱ्या मजल्यावरचा म्हातारा झुओ
फक्त माशी.
माशीचे पैसे वेगळे.

चैत्र सरताना ओउशेठ एक फोटो घेऊन आले.
कुठल्याशा हॉटेलच्या चाळीस खोल्या,
चाळीस पलंगांच्या उशाशी एकच चित्र.
साडेतीनशे वर्षांपूर्वीचा, हॉलंडचा कुणी चितारी.
डाळिंब, लिंबू, कलंडलेला पेला,
आणि निळ्या नक्षीचा वाडगा, तो आपल्याकडचाच,
जहाजाने तिकडे गेलेला.
वाडग्यात कसलीशी लाल फळे.

गुइलानने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला,
मग हसायलाच लागली.
अगं बाई, ही लिची म्हणे!

साल गुळगुळीत, बोरासारखी.
देठ चेरीचा.
एक फळ सुरीने कापलेले, आत गर लालभडक
आणि बी सुरकुतलेली, पीचची असते तशी.
बिचाऱ्याने पाहिली असेल ती सुकून काळी झालेली,
बाकीचे खलाशांनी सांगितले असेल,
आणि खलाशी काय, दारू पाजली की काहीही सांगतात.

तिच्या वडिलांची माओमिंगला त्रेसष्ट झाडे.
लिची सुरीने कापत नाहीत, हे ती
मला नाही, कॅनव्हासला सांगत होती.
देठाशी नख लावायचे, साल तडकते,
आत पातळ पापुद्रा, मग तो पांढरा, दूधही नाही
आणि पाणीही नाही असा पांढरा.

एकोणचाळीस वेळा तिने ती चूक रंगवली.
बिनचूक.
चाळिसाव्याला, संध्याकाळी, सगळे जेवायला गेले तेव्हा
तिने लिची काढली.
सालीवरचा प्रत्येक खडबडीत दाणा,
एका बाजूला हिरवट राहिलेली लाली,
सोललेल्या गरावर खिडकीचा ठिपका,
माझ्याच कोपऱ्यातल्या खिडकीचा.

ओउशेठनी फोटो शेजारी धरला.
हे चुकलंय.
चूक त्याची आहे, ती म्हणाली.
गिऱ्हाईक त्या चुकीचेच पैसे देतंय, ते म्हणाले,
आणि चिडलेही नव्हते, तोच तर त्रास.

मग मला हाक मारली.
फळे पुसायची तर आधी काळोख लागतो.

मी ब्रश भरला. गुइलान खिडकीशी उभी राहून
चहाचा रिकामा डबा धूत होती, पुनःपुन्हा.
साल गेली, देठ गेला.
तो पांढरा मात्र पटकन जाईना,
दोनदा हात फिरवावा लागला.
तिसरा मी फिरवला नाही.

तेलरंग म्हणे वर्षांनी विरतो,
खालचे वर दिसू लागते.
खरे असेल. पण आमची चित्रे
इतकी वर्षे ठेवतो कोण?
हॉटेल पडदे बदलते, तेव्हा भिंतही बदलते.

जूनमध्ये तिच्या भावाने पेटी धाडली,
थर्माकोलची, बर्फ निम्मा वितळलेला.
त्या साली भाव इतका पडला होता
की तोडणीची मजुरी सुटत नव्हती.
आम्ही रंगाच्या मेजावर वर्तमानपत्र पसरले.
बोटे चिकट झाली, कॅनव्हासला हात लावू नका,
गुइलान सारखी ओरडत होती.
ओउशेठही आले. उभ्या उभ्याच खाल्ल्या,
नख लावून, सुरी न मागता,
आणि एक शब्द बोलले नाहीत.

ते गेल्यावर मी बिया मोजल्या.
सतरा.